फोनवरचा अपुरा ब्राउझर : भारतीय स्पर्धा आयोगास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

विषय : मोबाइल ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन्सना मिळणारा तोकडा वाव

संगणकावरच्या आणि फोनवरच्या क्रोमचे नाव एक, चिन्ह एक, खातेही एकच चालते. पण संगणकावरच्या क्रोमला एक्स्टेन्शन्स जोडता येतात, फोनवरच्या क्रोमला येत नाहीत. फोनवरून क्रोम वेब स्टोअर उघडले तर हजारो एक्स्टेन्शन्स दिसतात, त्यांची माहिती वाचता येते. बटण मात्र ‘डेस्कटॉपवर जोडा’ असे येते. ते दाबले की एक्स्टेन्शन हातातल्या फोनवर येत नाही, त्याच खात्याने उघडलेल्या संगणकावर जाऊन बसते. ज्याच्याकडे संगणकच नाही त्याने या बटणाचे काय करायचे, याला उत्तर नाही. भारतात इंटरनेट वापरणाऱ्यांचा फार मोठा वर्ग असाच आहे. त्याचे सगळे इंटरनेट फोनमध्ये आहे आणि देशातल्या दर दहा स्मार्टफोनपैकी नऊहून अधिक अँड्रॉइडवर चालतात.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारा, ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला छोटा प्रोग्राम. उघडलेल्या पानावर तो काम करू शकतो. जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणे, पांढऱ्या पानाला काळी पार्श्वभूमी देणे, शब्दावर टिचकी मारताच अर्थ दाखवणे, पासवर्ड भरणे, मजकूर वाचून दाखवणे, पान परकीय भाषेतून आपल्या भाषेत आणणे ही त्याची नेहमीची कामे. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये असे जोडप्रोग्राम 1990च्या दशकाच्या अखेरीसच आले होते. खरा बहर आला तो 2004 साली बाहेर पडलेल्या फायरफॉक्स 1.0 नंतर. क्रोमने 2010च्या जानेवारीत ही सोय दिली, ॲपलच्या सफारीने त्याच वर्षी जूनमध्ये. आज डेस्कटॉपवर एक्स्टेन्शन नसलेला मोठा ब्राउझर शोधूनही सापडणार नाही.

या सोयीचे मोल भारतीय भाषांना एकेकाळी फार जवळून कळले होते. युनिकोड रुळण्याआधी देशी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकाचा फाँट वेगळा असे. तो फाँट संगणकावर नसला तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसे. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तरी तोच खिचडा. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचे एक्स्टेन्शन निघाले. ते असे पान उघडताच जुन्या फाँटच्या खुणा ओळखून मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलत असे. सुरुवात तेलुगूपासून झाली, पुढे देवनागरीसह इतर भारतीय लिप्यांची भर पडली. हे काम ब्राउझर बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीने केले नाही आणि करण्याचे तिला कारणही नव्हते. अडचण ज्यांची होती त्यांनीच तोडगा काढला, आणि ब्राउझरमध्ये तशी जागा ठेवलेली होती म्हणून तो हजारोंपर्यंत पोचला. स्पर्धेच्या दृष्टीने एक्स्टेन्शनचा मुद्दा मुख्यतः हाच आहे. जगभरासाठी एकच ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीला मराठी, कोंकणी किंवा संथाली वाचकाची गरज दिसणे कठीण. ती गरज भागवणाऱ्याला आत यायला वाट असली पाहिजे.

फोनवर ही वाट कुठे उघडी आहे आणि कुठे बंद, हे ब्राउझरगणिक बदलते. अँड्रॉइडवरचा क्रोम 2012 साली आला; तेव्हापासून आजवर सर्वसाधारण फोन वापरणाऱ्याला त्यात एक्स्टेन्शन टाकता आलेले नाही. बहुतेक फोनवर हाच ब्राउझर आधीपासून बसवलेला असतो आणि बहुतेक लोक तोच वापरत राहतात, त्यामुळे मोबाइलवर एक्स्टेन्शन्स नाहीत अशीच सर्वसामान्य समजूत झाली आहे.

ती पूर्ण खरी नाही. अँड्रॉइडसाठीच्या फायरफॉक्समध्ये 2011 पासूनच ॲड-ऑन चालत होते. ऑगस्ट 2020 मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने हा ब्राउझर नव्याने लिहून काढला आणि त्या फेरबांधणीत बोटांवर मोजण्याइतकी एक्स्टेन्शन्स सोडून बाकी सारी बाहेर राहिली. बरीच ओरड झाली. शेवटी 14 डिसेंबर 2023 रोजी मोझिलाने दार पुन्हा सर्वांसाठी उघडले आणि एका दिवसात चारशेहून अधिक एक्स्टेन्शन्स फोनसाठी उपलब्ध झाली. आज फायरफॉक्समध्ये तीन ठिपक्यांचा मेनू उघडून त्यातल्या एक्स्टेन्शन्सच्या यादीत जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ निवडले की ते कोणकोणत्या परवानग्या मागते ते एका चौकटीत येते. होकार दिला की मिनिटाच्या आत काम सुरू. दिवसाला दीड जीबीच्या प्रीपेड पॅकवर बातम्या वाचणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. पान उघडता उघडता खाली सरकणारा मजकूर, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि अंगठ्याखाली नेमकी येणारी जाहिरात यांचा त्रास बराच कमी होतो. (जाहिराती अडवल्याने छोट्या प्रकाशकांचे उत्पन्न बुडते हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचा निवाडा वाचक आणि प्रकाशक यांच्यात व्हावा, फोनची प्रणाली बनवणाऱ्या तिसऱ्याने तो परस्पर करून टाकू नये.)

किवी या ब्राउझरची कथा अधिक बोलकी आहे. क्रोमच्याच खुल्या कोडवर, म्हणजे क्रोमियमवर, मुख्यतः एका माणसाच्या कष्टाने उभ्या राहिलेल्या या ब्राउझरने 2019च्या एप्रिलमध्ये अँड्रॉइडवर क्रोमची डेस्कटॉप एक्स्टेन्शन्स चालवून दाखवली. जे काम गूगलसारख्या कंपनीने केले नव्हते ते एवढ्याशा चमूने केले, त्यामुळे ‘फोनवर हे जमतच नाही’ हा युक्तिवाद तिथेच निकालात निघाला. दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या क्रोमियमशी जुळवून घेणे, सुरक्षेची ठिगळे वेळेवर लावणे हे मात्र अशा प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचे होते. जानेवारी 2025 मध्ये किवी बंद झाला. त्याचा एक्स्टेन्शनविषयीचा कोड मायक्रोसॉफ्टच्या एजने घेतला. अँड्रॉइडवरच्या एजमध्ये आता निवडक एक्स्टेन्शन्स मिळतात. सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये 2016 पासून जाहिराती अडवणारे जोड चालतात. त्या वेळी ‘ॲडब्लॉक फास्ट’ नावाचे असे ॲप गूगल प्लेने इतर ॲपच्या कामात ढवळाढवळ होते या सबबीवर काढून टाकले आणि थोड्याच दिवसांत परत घेतले. दुकानदाराच्या मर्जीवर किती गोष्टी अवलंबून असतात याचा तो छोटा पण स्वच्छ नमुना होता.

आयफोनची तऱ्हा निराळी. ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीतले कलम 2.5.6 सांगते की वेब दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपने ॲपलचेच वेबकिट इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा आतला भाग, वापरावे. म्हणजे भारतात आयफोनवरचा क्रोम, फायरफॉक्स किंवा एज हे वरून वेगळे असले तरी आतून वेबकिटच असतात. सप्टेंबर 2015 मध्ये आयओएस 9 ने ‘कंटेंट ब्लॉकर’ आणले. यात ब्लॉकर बनवणारा नियमांची यादी देतो आणि ती सफारी स्वतः राबवते. ब्लॉकरला वाचकाने कोणते पान उघडले हे कळतही नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने ही रचना खरोखर चांगली आहे. पण यादीला मर्यादा होती, आधी 50,000 नियमांची आणि नंतर 1,50,000 ची, आणि यादीपलीकडचे काही करायला जागा नव्हती. सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 ने सफारीला पूर्ण एक्स्टेन्शन्सची सोय दिली. तीही स्वतंत्रपणे मिळत नाहीत. प्रत्येक एक्स्टेन्शन एखाद्या ॲपच्या पोटात बसून ॲप स्टोअरमधूनच यावे लागते. वापरणाऱ्याने आधी ॲप उतरवायचे, मग सेटिंग्जमध्ये जाऊन सफारी, तिथे एक्स्टेन्शन्स, तिथे खटका चालू करायचा, मग पुन्हा ब्राउझरमध्ये येऊन संकेतस्थळांसाठी परवानगी द्यायची. अनेक लोक दुसऱ्या पायरीवरच सोडून देतात यात नवल नाही.

बनवणाऱ्याच्या खर्चातही फरक आहे. मोझिलाकडे एक्स्टेन्शन द्यायला पैसे पडत नाहीत, क्रोम वेब स्टोअरवर एकदाच 5 डॉलर भरावे लागतात, ॲपलच्या विकसक योजनेसाठी दरवर्षी 99 डॉलर. फुकट वाटण्यासाठी मराठी वाचनाचे एखादे साधन बनवणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ही वार्षिक रक्कम परवडणारी नाही. 2025 साली आयओएस 18.4 मध्ये ॲपलने इतर ब्राउझरांनाही वेबकिटमधून एक्स्टेन्शन्स चालवण्याची सोय दिली, हे मात्र नोंदवायला हवे. वाट ॲपलने आखून दिलेलीच आहे, पण वाट आहे.

मोबाइलवर एक्स्टेन्शन न देण्यासाठी सांगितली जाणारी कारणे तीन प्रकारची असतात आणि ती वेगवेगळी तपासावी लागतात.

पहिले कारण यंत्राच्या मर्यादेचे. फोनची रॅम कमी, बॅटरी छोटी, पडदा अरुंद. संगणकावरचे एक्स्टेन्शन ब्राउझर चालू असेपर्यंत पडद्यामागे जागे राहत असे. अँड्रॉइड आणि आयओएस तर पडद्यामागचे काम शक्य तितक्या लवकर थांबवतात. शिवाय एक्स्टेन्शन्ससाठीची कित्येक साधने खिडक्या, उजव्या क्लिकचा मेनू, वरची पट्टी गृहीत धरून बनलेली. फोनवर यांतले काहीच तसे नसते. 2012 साली ही कारणे वजनदार होती. आज ती टिकत नाहीत, आणि ती निकालात काढली खुद्द गूगलनेच. ‘मॅनिफेस्ट व्ही3’ या नव्या नियमसंचात गूगलने कायम जागा राहणारा भाग काढून टाकला. एक्स्टेन्शनने काम पडले की उठायचे, काम झाले की झोपायचे, अशी रचना सक्तीची केली. फोनला हीच रचना हवी असते. ॲपलने आयफोनवर पहिल्या दिवसापासून अशीच अट घातली होती. जून 2024 पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. त्यात वापरणाऱ्यांचे नुकसानही झाले: जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला आता प्रत्येक विनंती स्वतः तपासता येत नाही, आधी नियम सोपवावे लागतात, आणि एका एक्स्टेन्शनला हमी मिळते ती 30,000 ठरावीक नियमांची. यूब्लॉक ओरिजिनची क्रोमवरची पूर्ण आवृत्ती त्यातच गेली आणि तिची ‘लाइट’ बहीण उरली. म्हणजे डेस्कटॉपवरची एक्स्टेन्शन्स फोनला मानवेल इतकी हलकी केली गेली, पण फोनवर ती आलीच नाहीत. 2025 मध्ये क्रोमियमच्या खुल्या कोडात अँड्रॉइडच्या लॅपटॉपयोग्य बांधणीसाठी एक्स्टेन्शनचा आधार दिसू लागला, तेव्हा तर अँड्रॉइड ही प्रणालीच आड येते असे म्हणायलाही जागा राहिली नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे, आणि ते सर्वांत गंभीर आहे. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी दिली की एक्स्टेन्शन बँकेचे पानही वाचू शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वापरात नसलेले टॅब निजवणारे एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. 2020 साली मूळ लेखकाने ते दुसऱ्याला विकले, नव्या मालकाने त्यात संशयास्पद कोड घुसवला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते काढून टाकावे लागले. वापरणाऱ्याने काहीच नवे उतरवले नव्हते. विश्वास ठेवलेल्या वस्तूचा मालक बदलला होता, एवढेच. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षाकंपनीच्याच एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती तिच्या ग्राहकांपर्यंत पोचली. ज्या फोनवर यूपीआय चालते आणि बँकेचे ओटीपी येतात त्या फोनवर हा धोका हलका मानता येणार नाही.

पण या धोक्यावरचे उपाय ठाऊक आहेत आणि त्यांतले काही वापरातही आहेत: तपासून घेतलेली यादी, संकेतस्थळागणिक परवानगी, मालक बदलला तर वापरणाऱ्याला सूचना, बँकेच्या पानांवर एक्स्टेन्शन आपोआप बंद. एज निवडक यादीने चालतो, ॲपल संकेतस्थळागणिक विचारते, मोझिला शिफारस केलेल्या एक्स्टेन्शन्सचा कोड माणसांकडून तपासून घेते. सुरक्षेसाठी पूर्ण बंदीच हवी असती तर डेस्कटॉपवरही ती दिसली असती. तिथेही बँका आहेत.

तिसरे कारण कोणी उघडपणे सांगत नाही. गूगलची मालक कंपनी असलेल्या अल्फाबेटच्या उत्पन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येते, आणि सर्वाधिक लोकप्रिय एक्स्टेन्शन्सपैकी बरीच जाहिराती अडवणारी आहेत. या एका कारणानेच क्रोमने फोनवर दार बंद ठेवले असे सिद्ध करता येत नाही. मात्र ज्या कंपनीकडे फोनची प्रणाली, ॲपचे दुकान, सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर आणि जाहिरातींचा बाजार हे चारही आहेत, तिने असा निर्णय घेतला तर हितसंबंधाची शंका येणारच. ती दूर करण्याचा एकच मार्ग म्हणजे कारणे लेखी मागणे.

वापरणाऱ्यांनी आपापल्या पळवाटा काढल्या आहेत, पण त्या पळवाटाच. अँड्रॉइड 9 पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता भरला की बऱ्याच जाहिराती जातात. मात्र बातमी आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येत असतील तर हा उपाय हतबल होतो. ब्रेव्हसारखे ब्राउझर ब्लॉकर आतच घालून देतात, पण शब्दार्थ किंवा फाँट यासाठी त्याचा उपयोग नाही. पासवर्डचा प्रश्न अँड्रॉइड 8 च्या ऑटोफिलने बऱ्यापैकी सोडवला, आणि मराठी टंकलेखनाचा फोनच्या कीबोर्डांनी. या दोन गोष्टींत फोन संगणकाच्या पुढे आहे, हे मान्य करायला हवे. क्रोमवर बुकमार्कलेट, म्हणजे बुकमार्कमध्ये दडवलेली एका ओळीची स्क्रिप्ट, अजून चालते. पण त्याचे नाव पत्त्याच्या पट्टीत टाइप करून खाली आलेल्या सूचनेवर बोट ठेवावे लागते आणि हे प्रत्येक पानासाठी पुन्हा. शिवाय समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये आलेला दुवा बहुधा त्या ॲपच्याच आतल्या खिडकीत उघडतो. तिथे कुठल्याच ब्राउझरचे एक्स्टेन्शन पोचत नाही.

इतर देशांच्या नियामकांनी ब्राउझरचा प्रश्न हातात घेतला आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे ॲपलला मार्च 2024 मध्ये आयओएस 17.4 पासून तिथे वेगळ्या इंजिनांना परवानगी द्यावी लागली. ती भारतातल्या आयफोनना लागू नाही. जपानने जून 2024 मध्ये स्मार्टफोनविषयक स्पर्धा कायदा संमत केला आणि त्यातही इंजिनाची सक्ती नको असे म्हटले. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च 2025 मध्ये मोबाइल ब्राउझरांच्या बाजाराची चौकशी पूर्ण करून ॲपलच्या वेबकिटसक्तीने स्पर्धेला बाधा येते असा निष्कर्ष काढला.

भारतात पाया आयोगाने स्वतःच घातलेला आहे. 20 ऑक्टोबर 2022 च्या आदेशात आयोगाने गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइडच्या ॲप दुकानातील प्राबल्याच्या जोरावर गूगलने क्रोमचे ब्राउझरच्या बाजारातले स्थान राखले, असेही त्यात नमूद केले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च 2023 मध्ये दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. त्या सगळ्या वादात चर्चा झाली ती ब्राउझर आधीपासून बसवण्याची, पडद्यावरच्या जागेची, निवडीच्या सूचीची. ब्राउझरच्या आत काय करता येते आणि काय येत नाही याची चर्चा मागे राहिली. निवडीच्या सूचीत पाच ब्राउझर ठेवले आणि आयफोनवर पाचही आतून वेबकिटच असले, किंवा अँड्रॉइडवर सर्वांत मोठ्या ब्राउझरने एक्स्टेन्शनला जागाच ठेवली नसल्याने विकसकांना फोनसाठी ती लिहिण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर निवड कागदावरच राहते. दुसरा परिणाम हळू पण खोल होतो. वापरणारे जिथे आहेत तिथेच विकसक जातात, आणि फायरफॉक्सच्या मोबाइलवरील अल्पशा वाट्यासाठी भारतीय भाषांची साधने बनवणारा विरळा.

म्हणून आयोगाने मोबाइल ब्राउझरांच्या बाजाराचा स्वतंत्र अभ्यास हाती घ्यावा आणि त्यात एक्स्टेन्शन्सचा मुद्दा मुद्दाम घ्यावा. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ही सोय का नाही, याची तांत्रिक कारणे गूगलकडून लेखी मागवावीत आणि व्यापारी गुपिते वगळून ती प्रसिद्ध करावीत. वेबकिटची अट युरोपात सैल करता येते तर भारतात का नाही, हे ॲपलला विचारावे. भारतीय भाषांसाठी आणि दृष्टिबाधितांसाठी साधने बनवणाऱ्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांसमोर त्यांचा आवाज आपोआप पोचत नाही. एक्स्टेन्शन्स प्रत्येक फोनवर सक्तीने द्यावीत अशी ही मागणी नाही. सोय द्यायची नसेल तर तसे कारण दाखवण्याची जबाबदारी प्रबळ कंपनीवर असावी, आणि ते कारण पटण्याजोगे आहे की नाही हे आयोगाने ठरवावे. स्पर्धा कायद्याच्या कलम 19 नुसार आयोगाला स्वतःहून चौकशी सुरू करता येते. त्यासाठी कोणाच्या तक्रारीची वाट पाहण्याची गरज नाही.